कोरियन माणसाला ‘पुट ऑन’ शिकवायचंय? आधी टोपी, मोजे आणि चष्मा घेऊन बसा

माझी पहिली कोरियन विद्यार्थिनी रांजणगावच्या एका कारखान्यात आलेल्या इंजिनियरची बायको होती. तिसऱ्या तासाला मी व्हिडिओ कॉलवर एक उतारा दाखवला आणि विचारलं, अक्षरं बारीक आहेत, दिसतंय ना? ती म्हणाली, “येस, आय ॲम पुटिंग ऑन माय ग्लासेस.” मी म्हटलं, सावकाश, घाई नाही. आणि थांबले. चष्मा तिच्या नाकावर होताच, पण मला वाटलं वाचायचा वेगळा असेल, तो ती आणत असेल. ती मात्र हलेना. पडद्याकडे बघत शांत बसून राहिली. मी तिची वाट बघतेय आणि ती माझी.

चूक कुठे झाली ते कळायला मला पुढे कित्येक महिने लागले, कारण त्यासाठी थोडं कोरियन शिकावं लागलं. पुण्यात आणि आसपास कोरियन कुटुंबं आता बरीच आहेत, त्यांना इंग्रजी शिकवणारी मराठी माणसंही वाढली आहेत. शिवाय शिकायला किंवा संशोधनाला कोरियात गेलेली आपली मुलं तिकडे ‘तू मला कोरियन शिकव, मी तुला इंग्रजी शिकवतो’ असा व्यवहार करतात. तुम्ही यांतलं काहीही नव्याने सुरू करत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सगळी फ्रेजल व्हर्ब, म्हणजे ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘अप’सारखा लहान शब्द मागे लागलेली इंग्रजी क्रियापदं, एका लेखात मावणार नाहीत. एकच घेऊ, ‘पुट ऑन’. हे एक नीट शिकवता आलं की पुढची कशी शिकवायची ते आपोआप सुचतं.

आधी काय जमवायचं

- एका पिशवीत खऱ्या वस्तू: टोपी, मोजे, हातमोजे, चष्मा, मनगटी घड्याळ, अंगठी, टाय, ओठांना लावायचा बाम, छोटी छत्री. चित्रं चालत नाहीत. वस्तू हातात असावी लागते.
- विद्यार्थ्याची शब्दांची वही. कोरियनमध्ये तिला ‘तानॉजांग’ म्हणतात आणि ती जवळजवळ प्रत्येकाकडे असते.
- फोनवर ‘नेव्हर’ या कोरियन संकेतस्थळाचा इंग्रजी-कोरियन शब्दकोश. त्यातली उदाहरणांची वाक्यं अर्थांपेक्षा जास्त कामाची.
- तुम्हाला स्वतःला कोरियन लिपी वाचता यायला हवी. मूळ अक्षरं २४ आहेत, १४ व्यंजनं आणि १० स्वर. एक आठवडा मनापासून बसलात तर येते. ही पायरी गाळू नका. शब्दकोशात विद्यार्थ्याला काय दिसतंय ते तुम्हालाही दिसलं पाहिजे.
- आवाजाचे निरोप पाठवायला काकाओटॉक, व्हॉट्सॲपसारखं कोरियन ॲप. कोरियन माणसं सहसा तेच वापरतात.

खाली कोरियन शब्दांचे उच्चार मी देवनागरीत जवळपासचे दिले आहेत. अचूक उच्चार विद्यार्थ्याकडूनच ऐका. त्याला तुम्हाला काही शिकवता आलं की तोही मोकळा होतो.

१. अर्थांची यादी देऊ नका, ती त्याच्याकडे आहे

कोरियात १९९७ पासून प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी शिकवतात. पुढे सगळं शिक्षण ‘सुनुंग’ या विद्यापीठ प्रवेश परीक्षेकडे जातं. ती नोव्हेंबरमध्ये असते. इंग्रजीच्या पेपरात ७० मिनिटांत ४५ प्रश्न, त्यातले १७ ऐकून सोडवायचे. हे ऐकण्याचे प्रश्न चालू असताना देशभर विमानांचं उड्डाण आणि उतरणं थांबवतात, इतकं त्या परीक्षेचं महत्त्व. नोकरीसाठी पुन्हा ९९० गुणांची ‘टोइक’ ही इंग्रजीची परीक्षा असतेच. अशा परीक्षांमधून आलेल्या माणसाला शब्द कमी पडत नाहीत.

माझ्या विद्यार्थिनीच्या वहीत ‘पुट ऑन’खाली अकरा कोरियन अर्थ होते, दोन रंगांच्या पेनांनी, मुंगीएवढ्या सुबक अक्षरात. अकराही तिला पाठ होते. बोलताना मात्र एकही बाहेर येत नव्हता, आणि आला तर चष्म्यासारखी गत व्हायची. मी नवी असताना तिला बारावा अर्थ दिला. तसं तुम्ही करू नका. वही बाजूला ठेवायला सांगा. हळुवारपणे सांगा, कारण त्या वहीत तिचे फार कष्ट आहेत.

२. स्वतःची मराठी तपासा

या कामात मराठी माणसाची बाजू जमेची आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांना ‘पुट ऑन’मध्ये शिकवण्यासारखं काय आहे तेच पटकन कळत नाही. आपल्याला कळतं. आपण शर्ट घालतो, पण साडी नेसतो. गजरा माळतो, फेटा बांधतो, कुंकू लावतो, शाल पांघरतो, अत्तर लावतो. ‘साडी घातली’ म्हणणाऱ्याला अजूनही कुणीतरी टोकतंच. वस्तू बदलली की आपलं क्रियापद बदलतं.

कोरियनचंही तसंच आहे, किंबहुना आपल्यापेक्षा काटेकोर. हे मी पहिल्यांदा विद्यार्थिनीला सांगितलं तेव्हा तिने मला साडीचं क्रियापद तीनदा म्हणायला लावलं. आपल्याला इंग्रजी अवघड जातं त्यामागे काही कारण आहे, हे त्या दिवशी तिला पटलं.

आणखी एक साम्य तर फारच उपयोगाचं. आपण ‘खाल्लं’ आणि ‘खाऊन टाकलं’ यात फरक करतो. ‘करून बघ’, ‘करून दे’, ‘करून ठेव’ म्हणतो. कोरियन माणूसही हेच करतो, आणि तेही बघणे, देणे, ठेवणे याच अर्थाची क्रियापदं मागे जोडून. ‘हे बोदा’ म्हणजे करून बघणे, ‘हे जुदा’ म्हणजे करून देणे, ‘हे दुदा’ म्हणजे करून ठेवणे. ‘मॉगॉ बॉरिदा’ म्हणजे खाऊन टाकणे. मोठ्या क्रियापदामागे एक लहान शब्द लागला की अर्थाला वेगळी छटा येते, ही गोष्ट त्याच्या भाषेत रोजची आहे. इंग्रजीत तो लहान शब्द क्रियापद नसून ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘अप’ असा असतो, एवढंच नवीन. फ्रेजल व्हर्ब म्हणजे इंग्रजांनी मुद्दाम केलेला गोंधळ, असं बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटत असतं. ते वाटणं इथे थोडं सैल होतं.

३. वस्तू एकेक काढा आणि कोरियन क्रियापद विचारा

आता पिशवी उघडा. एक वस्तू अंगावर चढवा आणि विचारा, तुमच्याकडे याला काय म्हणतात? उत्तरं साधारण अशी येतील:

- शर्ट, पँट, कोट: इप्ता
- बूट, मोजे: शिन्ता
- टोपी, चष्मा, मास्क: स्सुदा
- अंगठी, हातमोजे, कधीकधी चष्माही: कीदा
- टाय, गाडीतला पट्टा: मॅदा
- घड्याळ: छादा
- क्रीम, लिपस्टिक: बारुदा
- अत्तर: पुरिदा, म्हणजे शिंपडणे

प्रत्येक शब्द कागदावर लिहू द्या. मग त्या सगळ्यांभोवती एकच गोल काढा आणि वर लिहा, ‘पुट ऑन’. माझा अनुभव असा की याच क्षणी चेहरा खुलतो. आतापर्यंत वहीत एका इंग्रजी शब्दासमोर अकरा अर्थ होते, आता इतक्या सगळ्या कोरियन शब्दांचं काम एकच इंग्रजी शब्द करताना दिसतो. यादी तीच, पण पहिलीत ओझं वाढतं आणि दुसरीत उतरतं.

इथे तीन खड्डे आहेत. ते आधीच दाखवून द्या.

पहिला छत्रीचा. कोरियनमध्ये टोपीसाठी जे ‘स्सुदा’, तेच छत्रीसाठी. दोन्ही डोक्यावर येतात, म्हणून. त्यामुळे पावसाळ्यात तुम्हाला ‘पुट ऑन माय अंब्रेला’ हमखास ऐकू येईल. इंग्रजीत छत्री अंगाला चिकटत नाही, वर जाते: ‘पुट अप’. आपणही छत्री ‘घालत’ नाही, उघडतो किंवा डोक्यावर धरतो.

दुसरा कॉन्टॅक्ट लेन्सचा. ‘कीदा’चा मूळ भाव फटीत किंवा आत बसवण्याचा. म्हणून अंगठी, हातमोजे, लेन्स, कानातले इअरफोन, सगळं एकाच क्रियापदात जातं. इंग्रजीत अंगठी आणि हातमोजे ‘पुट ऑन’, पण लेन्स आणि कानाच्या आत जाणारे इअरफोन ‘पुट इन’. कानावर बसणारे मोठे हेडफोन पुन्हा ‘पुट ऑन’. इअरफोन आणि हेडफोन शेजारी ठेवून दाखवलंत तर समजावून सांगायची गरजच पडत नाही.

तिसरा केसांतल्या फुलाचा. आपण माळतो, कोरियन माणूस खोचतो, इंग्रजी माणूस केसांच्या ‘इन’ ठेवतो. हा क्वचित लागतो. विचारलं तरच सांगा.

४. ‘घालतेय’ की ‘घातलंय’? या पायरीवर पूर्ण एक तास द्या

आता त्या चष्म्याकडे परत येऊ. माझ्या मते कोरियन विद्यार्थ्यांची ‘पुट ऑन’मधली सगळ्यात मोठी अडचण हीच, आणि बहुतेक पुस्तकं ती दोन ओळींत उरकतात.

मराठीत ‘ती स्वेटर घालतेय’ म्हटलं की हात बाहीत चाललेत. ‘तिने स्वेटर घातलाय’ म्हटलं की काम झालंय, स्वेटर अंगावर आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘पुटिंग ऑन’, दुसऱ्यासाठी ‘वेअरिंग’. कोरियनमध्ये ‘इप्को इत्ता’ या एकाच रूपाने दोन्ही सांगता येतं. ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो. त्यात भर म्हणजे ‘इप्ता’ शब्दकोशात बघितलं की ‘वेअर’ आणि ‘पुट ऑन’ दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. विद्यार्थी साहजिकच दोन्ही एकच समजतो. माझ्या विद्यार्थिनीला म्हणायचं होतं, ‘हो, दिसतंय की, चष्मा घातलाय मी.’

भूतकाळातही हाच घोटाळा. समोरच्या बाईने लाल कपडे घातलेत हे सांगायला कोरियन माणूस साध्या भूतकाळी रूपाचा वापर करू शकतो. त्याचं शब्दशः इंग्रजी होतं ‘शी पुट ऑन अ रेड ड्रेस’. ऐकणारा विचारतो, कधी?

मी हे शिकवताना एक छोटा खेळ करते. हातमोजा घेते आणि अगदी सावकाश घालते. बोटं अर्धी आत असताना थांबते आणि विचारते, आत्ता काय? ‘पुटिंग ऑन’. पूर्ण घालते, हात टेबलावर ठेवते. आत्ता? ‘वेअरिंग’. मग तो हातमोजा तसाच हातात ठेवून अर्धा तास दुसराच धडा शिकवते आणि मध्येच हात वर करून विचारते, काय? ज्याला समजलंय तो पटकन ‘वेअरिंग’ म्हणतो. ज्याला नाही, तो आधी माझ्या बोटांकडे बघतो. नियम समजावण्यापेक्षा हा हातमोजा बरा. तीन-चार तासांत कान तयार होतो.

व्हिडिओ कॉलवर शिकवत असाल तर विद्यार्थ्यालाच हातमोजा घालायला लावा आणि त्यालाच बोलू द्या.

‘गेट ड्रेस्ड’ याच तासाला सांगून टाका. सकाळी उठून कपडे करणे, ‘मी तयार होतेय’ या अर्थाने. नाहीतर विद्यार्थी ‘आय पुट ऑन क्लोद्स अँड वेंट टू ऑफिस’ म्हणतो. चूक नाही, पण कुणी असं बोलत नाही.

५. ‘इट’ विसरू देऊ नका, आणि मधे ठेवायला शिकवा

थंडीत मुलाला स्वेटर देताना आपण ‘घाल’ म्हणतो. कोरियन आई ‘इबॉ’ म्हणते. दोघीही स्वेटरचं नाव घेत नाहीत, कारण तो समोरच आहे. इंग्रजीत ‘पुट ऑन’ एवढंच म्हणून भागत नाही. ‘पुट इट ऑन’ म्हणावंच लागतं. ‘इट’ गाळण्याची सवय आपल्यालाही आहे, म्हणून शिकवताना स्वतःकडेही लक्ष ठेवा.

जागेचा नियम सोपा आहे. नाव असेल तर दोन्हीकडे चालतं: ‘पुट ऑन द कॅप’, ‘पुट द कॅप ऑन’. ‘इट’ किंवा ‘देम’ असेल तर मधेच. ‘पुट ऑन इट’ कधीच नाही.

खड्डा असा की ‘पुट इट ऑन द चेअर’ हेही बरोबर इंग्रजी आहे, पण तिथे टोपी खुर्चीवर ठेवली, डोक्यावर घातली नाही. टोपी आणि खुर्ची दोन्ही वापरून दाखवा. फरक कानालाही जाणवतो. घालण्याच्या ‘पुट इट ऑन’मध्ये जोर ‘ऑन’वर येतो, खुर्चीच्या वाक्यात ‘ऑन’ हलकं होऊन जोर ‘चेअर’वर जातो. कोरियनमध्ये शब्दाच्या एका भागावर असा आघात नसतो, म्हणून विद्यार्थी सगळं एका पातळीत म्हणतो. ‘ऑन’ला टेबलावर टिचकी मारायला सांगा.

६. अंगावरून बाहेर पडा

कपडे पक्के झाल्याशिवाय इथे येऊ नका. मी दोन आठवडे थांबते.

वहीतले बाकीचे अर्थ आता एका चित्रात बसवायचे. काहीतरी कशावर तरी येतं आणि तिथे राहतं, एवढंच ते चित्र. ते आपल्याकडेही आहे, फक्त आपण कधी त्याकडे बघितलेलं नसतं.

चुलीवर आधण ठेवतात ते ‘पुट द वॉटर ऑन’. कोरियन माणूस रामेनसाठी ‘पाणी चढव’ म्हणतो. क्रियापद ‘ओल्लिदा’, वर ठेवणे. नाटक रंगभूमीवर आणणे हे ‘पुट ऑन अ प्ले’. कोरियनमध्ये नाटकही मंचावर ‘ओल्लिदा’. पाणी आणि नाटक दोन्हीला एकच कोरियन क्रियापद मिळालं की विद्यार्थी स्वतःच म्हणतो, अच्छा, वर ठेवणं. हे त्यालाच म्हणू द्या.

अंगावर मांस चढतं ते ‘पुट ऑन वेट’. कोरियनमध्ये ‘साल्चिदा’, आणि तिथेही ओळखीची माणसं भेटल्यावर हे तोंडावर बोलून दाखवतात, आपल्याकडच्या मावशी-आत्यांसारखंच. त्यामुळे हा अर्थ एकदा सांगून लक्षात राहतो.

खोटा आव आणणे, चेहऱ्यावर उसनं हसू आणणे, तेही ‘पुट ऑन’. मुखवटा चढवल्यासारखं. कोरियनमध्ये यासाठी ‘छॉखादा’ म्हणजे नुसतं ‘तसं दाखवणे’. त्यात चढवण्याचं चित्र नाही, म्हणून इथे जरा जास्त उदाहरणं द्या.

गाणं लावणे, हीटर लावणे हेही याच घरातलं. कोरियनमध्ये गाण्याला ‘थुल्दा’, दिव्याला ‘ख्यॉदा’. आपण दोन्ही ‘लावतो’. कुंकूही लावतो आणि रेडिओही लावतो! मराठीतलं हे एक क्रियापद ‘पुट ऑन’च्या इतकं जवळ जातं की मला दरवेळी नवल वाटतं.

फोनवरचा अर्थ मात्र हमखास राहून जातो. ‘पुट युअर मदर ऑन’ म्हणजे आईला फोन दे. कोरियन माणूस म्हणतो ‘ऑम्मा बाक्कवॉ ज्वॉ’, शब्दशः ‘आई बदलून दे’. तीन भाषांची तीन वेगळी चित्रं. आपण फोन हलवतो, कोरियन माणूस बोलणारा बदलतो, इंग्रज त्या माणसाला तारेवर आणून ठेवतो. परक्या देशात शाळेतून किंवा दवाखान्यातून फोन आला की हे वाक्य कानावर पडतं, म्हणून चुकवू नका.

७. उलट क्रिया

घातलेलं काढायचं झालं तर ‘टेक ऑफ’. कोरियनमध्ये पुन्हा फाटे फुटतात: कपडे, बूट, टोपी ‘बॉत्ता’, टाय, घड्याळ, पट्टा ‘फुल्दा’ म्हणजे सोडवणे, अंगठी ‘पॅदा’ म्हणजे ओढून काढणे, आणि मेकअप ‘जिउदा’, म्हणजे खोडून टाकणे, पेन्सिलीचं लिहिलेलं खोडतात तसं. पिशवीतल्या वस्तूंनी हे पाच मिनिटांत होतं. कोरियन घरात शिरताना दारातच बूट काढतात. पाहुणा दारात उभा आहे असा छोटा प्रसंग करा, वाक्यं आपोआप निघतात.

सापळा असा की ‘ऑन’च्या उलट ‘ऑफ’ हे विद्यार्थ्याला ठाऊक असतं, म्हणून तो ‘पुट ऑफ माय शूज’ म्हणतो. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, कोरियनमध्ये ‘मिरुदा’. दुसरी उलट रूपंही सरळ नाहीत. रेडिओ ‘टर्न ऑफ’, वजन ‘लूज’, लेन्स ‘टेक आउट’. प्रत्येक अर्थाच्या शेजारी त्याचा उलटा शब्द लगेच लिहून घ्या, नंतरसाठी ठेवू नका.

८. आपली भारतीय इंग्रजी बाजूला ठेवा

आपण घरात ‘वेअर युअर शूज’ म्हणतो आणि देवळाबाहेर ‘रिमूव्ह युअर शूज’ लिहितो. आपसात ठीक आहे. पण जो विद्यार्थी आधीच ‘वेअर’ आणि ‘पुट ऑन’मध्ये अडकलाय, त्याच्यासमोर ‘वेअर युअर शूज’ म्हणालात तर चौथ्या पायरीवरची सगळी मेहनत वाया जाते. मी हे केलंय. तिने वहीत लगेच लिहून घेतलं आणि पुढच्या तासाला मला पुरावा म्हणून दाखवलं.

दुसरी सवय ‘यू हॅव पुट ऑन’ म्हणून थांबण्याची. वजन वाढलंय हे आपल्याला कळतं, बाहेरच्या माणसाला वाक्य अर्धं वाटतं. तो विचारतो, काय पुट ऑन? ‘वेट’ म्हणायला विसरू नका.

९. उच्चार, थोडक्यात

कोरियनमध्ये ‘फ’चा इंग्रजी उच्चार नाही, त्यामुळे ‘ऑफ’चं ‘ओफु’ होतं आणि ‘टेक ऑफ’ हे दोन तुकड्यांचं इंग्रजी ‘ते-इ-खु-ओ-फु’ असं पाच तुकड्यांत येतं. वरचे दात खालच्या ओठाला टेकवायला सांगा आणि तुकडे मोजायला बोटं वापरा.

‘पुट ऑन’ची मात्र चिंता नको. शब्दाच्या शेवटी आलेला ‘त’ पुढच्या स्वराला जोडून म्हणताना कोरियन माणूस त्याचा ‘द’ करतो. कपड्याला ‘ओत्’ म्हणतात, पण ‘कपड्याच्या आत’ म्हणताना ‘ओदान’. त्याच सवयीने ‘पुट ऑन’चं ‘पुदोन’ होतं, आणि अमेरिकन बोलण्यात ते याच्या फार दूर नसतं. सुधारायला जाऊ नका.

१०. घरचा अभ्यास आणि पुढचं क्रियापद

रोज सकाळी घराबाहेर पडताना काय काय घातलं ते काकाओटॉकवर वीस सेकंदांच्या आवाजात पाठवायला सांगा. क्रमाने, एकेक वस्तू: ‘आय ॲम पुटिंग ऑन माय सॉक्स’, मग ‘नाऊ आय ॲम वेअरिंग सॉक्स’. पंधरा दिवस. लेखी स्वाध्याय दिलात तर तो सुंदर अक्षरात येईल आणि वहीतच राहील. सगळ्या चुका दुरुस्त करू नका, एका निरोपात एकच. वयाने मोठा विद्यार्थी असेल तर चूक चारचौघांत दाखवू नका, वेगळा निरोप पाठवा. तुम्ही त्यांच्यासाठी ‘सॉन्सेंगनिम’, म्हणजे गुरुजी किंवा बाई असता, आणि तुमचा एक शब्द ते फार मनाला लावून घेतात.

पुढचं क्रियापद ‘पिक अप’ घ्या. ‘पिकअप’ हा शब्द कोरियनमध्ये आधीच रुळलेला आहे, विमानतळावरून आणायला येण्यासाठी. तसेच ‘टेकआउट’, ‘चेक-इन’, ‘बॅकअप’, ‘मेकअप’. पण हे सगळे तिथे एकसंध नामासारखे वावरतात, म्हणून विद्यार्थी ‘आय विल पिकअप यू’ म्हणतो आणि ‘पिक’ व ‘अप’च्या मधे ‘यू’ शिरू शकतो हे त्याच्या ध्यानात येत नाही. पाचव्या पायरीवरची टोपी आणि खुर्ची तेव्हा पुन्हा काढावी लागेल, म्हणून पिशवी कपाटात ठेवून देऊ नका.